नखं कापून पंधरा दिवस होत नाहीत, तोवर फरशीवर पुन्हा टकटक

आमच्या कुत्र्याची, पिंट्याची, नखं आम्ही दर दीड-दोन महिन्यांनी कापून आणत होतो. कापली की चार-आठ दिवस बरं जायचे. मग एखाद्या रात्री तो पाणी प्यायला उठायचा आणि हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत टक टक टक टक ऐकू यायचं. पुन्हा नेऊन कापायची, पुन्हा पंधरा दिवसांत तेच. असं दोन वर्षं चाललं. गेलं वर्षभर मात्र हा आवाज आमच्या घरात नाही, आणि त्यासाठी कुठलं महागडं औषध किंवा खास खाणं लागलेलं नाही. नखं कापायची आमची पद्धतच उलटी होती. तुमच्याकडं हाच प्रकार चालू असेल तर आमच्या चुका तुमच्या कुत्र्याच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

पिंट्या लॅब्रडॉर आणि गावठी यांच्या संकरातला, नऊ वर्षांचा, साधारण ३० किलोचा. अंगानं काळा आणि नखंही काळी. नखांचा रंग आधीच सांगून ठेवते, कारण निम्मा त्रास त्यातूनच झाला.

हे सुरू कधी झालं

पहिली पाच वर्षं आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात होतो. खाली खरबरीत शहाबादी फरशी, मागं परडं, परड्यात दगड आणि मुरूम. पिंट्या दिवसभर आत-बाहेर करायचा, गल्लीत कुणाची चाहूल लागली की दारापर्यंत सुसाट जायचा. त्यात नखं आपोआप झिजत होती. अंगठ्याची नखं (पुढच्या पायाला आतल्या बाजूनं थोडी वर असतात ती) सोडली तर त्या पाच वर्षांत एकही नख कापल्याचं मला आठवत नाही. मग आम्ही कळंब्याकडं फ्लॅटमध्ये आलो. घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, खाली पार्किंगची तशीच फरशी, आणि सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटांचा फेरा. नखं झिजायला जागाच उरली नाही.

त्यात आपल्याकडचा पाऊस. जून सरता सरता जो धरतो, तो गणपतीपर्यंत काही नीट सोडत नाही. त्या दिवसांत फेरा म्हणजे सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत. नखांची वाढ मात्र थांबत नाही. निरोगी कुत्र्याचं नख आठवड्याला साधारण १ ते २ मिलिमीटर वाढतं. पावसाळ्याचे तीन महिने धरले तर १२ ते २५ मिलिमीटर झालं. आमच्याकडं दर वर्षी सगळ्यांत वाईट अवस्था गणपतीच्या सुमाराला व्हायची, ती का, हे हा हिशेब घातल्यावर कळलं.

"जास्त फिरवा, झिजतील," असं आम्हाला चौघा-पाचजणांनी सांगितलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. खरबरीत आणि कडक जमिनीवर नख झिजतं. शेताच्या काळ्या मातीत, हिरवळीवर, रंकाळ्याच्या काठच्या ओल्या गवतात ते झिजत नाही. आम्ही मे महिन्यात फेरे वाढवले आणि डांबरानं त्याच्या पंज्याच्या गाद्या भाजल्या. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवत नाही. शिवाय अंगठ्याचं नख जमिनीला टेकतच नाही, त्यामुळं पन्हाळ्याच्या जांभ्या दगडावर रोज फिरवलं तरी ते झिजायचं नाही.

नख खरंच लांब आहे का, हे आधी बघा

कुत्र्याला सपाट फरशीवर चारही पायांवर सरळ उभं करा. बसलेल्या कुत्र्याचं काही कळत नाही. उभ्या कुत्र्याचं नख फरशीला टेकायला नको, नखाखालून कागद सहज सरकला पाहिजे. धावण्याच्या भरात थोडासा आवाज येतो, तेवढ्यानं घाबरू नका. शांतपणे चालतानाही टकटक येत असेल तर नख लांब आहे.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. उभं राहताना लांब नख जमिनीला अडतं आणि बोट वरच्या बाजूला नाहीतर आडवं ढकलतं. तो दाब चुकवायला कुत्रा वजन मागच्या पायांवर घेतो, पाठ थोडी वाकवून उभा राहतो. गुळगुळीत टाइल्सवर गादीची पकड बसण्याआधीच नख घसरतं. पिंट्या जिना चढताना पहिल्या पायरीशी थबकायला लागला होता, सोफ्यावर उडी मारायची सोडली होती. आम्ही म्हणायचो, वय झालं. नखं ताळ्यावर आल्यावर तो पुन्हा सोफ्यावर बसायला लागला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. वर्ष-दीड वर्ष तो ते सहन करत होता आणि आम्ही त्याच्या वयाला बोल लावत होतो.

कापलेलं नख टिकत का नाही

एकदा एका ग्रूमिंगच्या दुकानात आम्ही सांगितलं, "यावेळी चांगली आखूड कापा, सारखं यायला लागतं." त्यांनी कापली. पिंट्याला आत नेलं होतं, आम्ही बाहेर थांबलो होतो. बाहेर आला तेव्हा चार-पाच नखांवर रक्त थांबवायची पिवळी पावडर थापलेली आणि तो पुढचे पंजे उचलून उचलून टाकत होता. चूक आमचीही होती. आखूड म्हणजे किती, हे आम्ही विचारलं नाही आणि आत बसायचा आग्रह धरला नाही. घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे ठिपके पडले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई पंजा हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, जिव्हाळीला लागलंय त्येच्या. एवढं कुठं कापत्यात व्हय?"

जिव्हाळी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. नखाच्या आतला जिवंत भाग म्हणजे जिव्हाळी. त्यात रक्तवाहिन्या असतात आणि मज्जातंतूही, म्हणून तिथं लागलं की रक्तही येतं आणि कळही येते. वरचं कवच आपल्या नखासारखंच निर्जीव, केरॅटिनचं. आत्यांच्या माहेरी गडहिंग्लजकडं बैल होते. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारायला यायचा तो माणूस खूर तासायच्या आधी जिव्हाळी कुठवर आली आहे ते बघायचा, आणि खूर फार वाढला असेल तर थोडं तासून "पुढच्या खेपेला बघू" म्हणून सोडायचा. कुत्र्याच्या नखाला हाच हिशेब लागू आहे.

नख वाढतं तशी आतली जिव्हाळीही त्याच्याबरोबर पुढं सरकते. दोन महिने नख वाढू दिलं की जिव्हाळी जवळजवळ फरशीपर्यंत येऊन पोचते. मग कापणारा कितीही तरबेज असला तरी त्याला जिव्हाळीच्या पुढं दोनेक मिलिमीटर सोडूनच कापावं लागतं. म्हणजे कापल्यानंतरही नख लांबच राहतं, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा टेकतं. ते टिकत नाही त्याचं कारण हे. जास्त कापा म्हटलं तर जिव्हाळी कापली जाते, कुत्रा घाबरतो, पुढच्या वेळी पंजा देत नाही, म्हणून आपण आणखी उशिरा नेतो, आणि तोवर जिव्हाळी आणखी पुढं आलेली असते. आमचं दोन वर्षं हेच चक्र फिरत होतं.

सुटका अशी, की जिव्हाळी मागंही सरकते. तिच्यापुढचं कवच सतत आखूड ठेवलं की ती हळूहळू आत जाते. त्यासाठी एकदम खूप कापून चालत नाही. दर पाच-सात दिवसांनी अगदी थोडं, एक-दीड मिलिमीटर, काढत राहावं लागतं. साधारण तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला लागतो. फार वाढलेल्या नखाला दोन-तीन महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. पिंट्याला अडीच महिने लागले, मागच्या पायांना त्याहून थोडे कमी. एकदा नख फरशीपासून सुटलं की दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं.

काळं नख कसं वाचायचं

पांढऱ्या नखाचं सोपं आहे. मागून टॉर्च धरली की आत गुलाबी जिव्हाळी दिसते, तिच्या अलीकडं थांबायचं. काळ्या नखात टॉर्चनं काही दिसत नाही. तिथं कापलेली बाजू बघत बघत जायचं.

आधी पंजा उलटा करून नख खालून बघा. टोकाकडं पन्हळीसारखी खोबण दिसते आणि बोटाकडं येता येता नख भरीव होत जातं. खोबणीचा जो आकडा पुढं वळलेला असतो, त्यात बहुधा जिव्हाळी नसते. पहिला काप तिथंच. त्यानंतर पापडाएवढ्या पातळ चकत्या काढायच्या, आणि प्रत्येक चकतीनंतर थांबून कापलेली बाजू समोर धरायची. सुरुवातीला ती कोरडी, पांढुरकी, खडूसारखी भुरभुरीत दिसते. म्हणजे अजून जागा आहे. मग मधोमध एक राखाडी-काळा ठिपका उमटतो. त्यापुढं गेलात तर ठिपक्याची जागा ओलसर, चकचकीत, किंचित गुलबट दिसायला लागते. मी ठिपका दिसला की थांबते. चकचकीतपणा बघायची हौस नको, त्यापुढची चकती रक्ताची असते.

कात्री घरातली वापरू नका, आणि आपला माणसांचा नेलकटर तर मोठ्या कुत्र्याला अजिबात नको. तो नख दोन्ही बाजूंनी चेपतो. पिल्लाच्या कोवळ्या नखाला एक वेळ चालेल. मोठ्या कुत्र्यासाठी पकडीसारखा, दोन वाकड्या पात्यांचा कटर घ्या. पातं बोथट झालं की ते कापायच्या आधी दाबतं, आणि त्या दाबानंच कुत्रा पंजा ओढतो. जिव्हाळीला लागलेलं नसतानाही कुत्रा दचकत असेल तर आधी पात्याकडं बघा. आमचा जुना कटर चार वर्षं झाला होता. नवीन आणला त्या दिवशी पिंट्याचं निम्मं दचकणं गेलं. कापल्यावर नख उभं चिरलं जातंय, तुकडे उडताहेत, तरी कारण बहुधा तेच.

आंघोळीनंतर नख मऊ असतं, तेव्हा कटर सोपा जातो. पंजा कसा धरता यालाही फार महत्त्व आहे. बऱ्याच जणांना मी पाय बाजूला ताणून धरताना बघितलंय. कुत्र्याचा खांदा त्या दिशेला फिरत नाही, म्हाताऱ्या कुत्र्याला तर ते चांगलंच दुखतं. पुढचा पाय आहे त्याच रेषेत मागं दुमडा, घोड्याला नाल मारताना दुमडतात तसा. मग गाद्या वर येतात आणि नख खालून सरळ दिसतं. बोटं चिमटीत आवळायची नाहीत, एकच बोट वरून-खालून हलकेच धरायचं.

पंजाच देत नसेल तर

आमचा सगळ्यांत अवघड भाग हाच होता. ग्रूमिंगच्या त्या प्रसंगानंतर पिंट्याला कटर दिसला तरी तो पलंगाखाली जायचा. ओढून काढलं तर गुरगुरायचा. आम्ही मग तीन आठवडे एकही नख कापलं नाही, आणि तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

पहिला आठवडा फक्त पंजाला हात लावायचा. हात लावला की उकडलेल्या कलेजीचा बारीक तुकडा. हात आधी, तुकडा नंतर, हा क्रम मोडायचा नाही, नाहीतर तुकडा दिसला की आता काहीतरी होणार असं तो ताडतो. दुसऱ्या आठवड्यात कटर शेजारी नुसता ठेवलेला. तो वास घ्यायला आला, तुकडा. कटर नखाला टेकवला आणि काढला, तुकडा. त्याला कटरपेक्षाही 'कट्ट' या आवाजाची धास्ती जास्त होती. त्यासाठी खराट्याच्या काड्या घेतल्या. जुन्या कटरनं त्याच्यापासून दहा फुटांवर काडी तोडायची, कट्ट, आणि लगेच कलेजी. मग आठ फूट, मग पाच. सहाव्या दिवशी मी काडी तोडली आणि तो पलंगाखाली न जाता माझ्याकडं चालत आला.

तिसऱ्या आठवड्यानंतर दिवसाला एक नख. पुढच्या पायांची पाच-पाच आणि मागच्या पायांची चार-चार मिळून बहुतेक कुत्र्यांना १८ नखं असतात. ती एकाच बैठकीत कापलीच पाहिजेत असा कुठं नियम नाही. त्याची तयारी असेल त्या दिवशी दोन. पहिल्या नखालाच पंजा ओढला तर त्या दिवशी तिथंच थांबायचं, पण थांबण्याआधी नुसता कटर टेकवून एक तुकडा द्यायचा.

आम्हाला फार कामाला आलं ते स्टीलचं ताट. घट्ट दही ताटाला पातळ फासून समोर ठेवलं की तो पाच-सात मिनिटं चाटत बसतो. आत्या ताट धरतात, मी नख धरते. मसाल्याचं मटण, रश्श्यातले तुकडे मात्र आमिष म्हणूनही देऊ नका. त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना घातक आहे.

कुत्रा चावायला येत असेल तर हट्ट धरू नका, आणि ओढणीनं तोंड आवळून तर कधीच नको. कुत्रा तोंड उघडून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, घाबरलेल्या कुत्र्याचं तोंड बांधलं तर जीव घुसमटतो. कुत्र्याच्या तोंडाला बांधायची जाळीची टोपली मिळते, तिच्यात तोंड उघडता येतं. तरीही जमत नसेल तर पशुवैद्यांना सांगा. ते तपासून, घरून निघायच्या आधी द्यायची शांत करणारी गोळी देतात, गरज पडली तर गुंगी देऊन नखं कापतात. माणसांच्या झोपेच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका. आणि दात किंवा नख लागून आपल्याला जखम झाली तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवून डॉक्टरांना दाखवा, घरचाच कुत्रा आहे म्हणून सोडून देऊ नका.

कटर नकोच असेल तर

नेल ग्राइंडर मिळतो. त्याचा फायदा असा की तो कणाकणानं घासतो, आणि जिव्हाळीच्या वरून आणि बाजूंनी कवच तिरपं उतरवता येतं. जिव्हाळी मागं सरकवायला हे फार उपयोगी आहे. पण एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचा नाही, नख तापतं. पंज्यातले केस लांब असतील तर ते फिरत्या टोकात गुंततात. जुना मोजा पंज्यावर चढवून त्यातून फक्त नखं बाहेर काढली की केस आत राहतात. पूड उडते, नाकाला रुमाल बांधा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. दीड फूट रुंद, दोन फूट लांब प्लायवूडची फळी घ्यायची, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा. लहान कुत्र्याला १२० नंबर. फळी तिरपी धरून तिच्याखाली खाऊ दाबला की कुत्रा पुढच्या पायांनी उकरतो, आणि नखं घासली जातात. पिंट्या दोन दिवसांत शिकला. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळून किरकोळ खर्च येतो. अडचण एवढीच की मधली दोन नखं जास्त घासली जातात, कडेची कमी. मागच्या पायांना हे शिकवणं अवघड आहे, आणि अंगठ्याचं नख तर घासलंच जात नाही. गाद्या लालसर दिसल्या तर दोन दिवस फळी उचलून ठेवा.

अंगठ्याच्या नखाबद्दल वेगळं सांगते, कारण ते केसांत लपतं. न कापलेलं राहिलं तर ते गोल वळून गादीत किंवा कातडीत घुसतं. काही कुत्र्यांना मागच्या पायालाही अंगठा असतो. महिन्यातून एकदा केस बाजूला करून बोटानं चाचपून बघा.

रक्त आलं तर

आज ना उद्या येणारच. आधी आपण ओरडायचं नाही, आपल्या ओरडण्यानं कुत्रा जास्त घाबरतो. तुरटीची बारीक पूड करून छोट्या डबीत भरून ठेवा. न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच तुरटी. ओल्या कापसावर पूड घ्यायची आणि नखाच्या टोकाशी घट्ट दाबून धरायची, घड्याळ लावून पाच मिनिटं. मधे उघडून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरू. दुकानात रक्त थांबवायची तयार पावडर मिळते, तीही चांगली. काहीच नसेल तर कॉर्नफ्लॉवर चालतं. हळद आम्हीही लावायचो, पण त्या लगद्यात रक्त थांबलं की नाही हेच दिसत नाही. त्यानंतर दिवसभर चिखलात आणि साठलेल्या पाण्यात न्यायचं नाही. पावसाळ्यात उघड्या जखमेतून लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा) संसर्ग होऊ शकतो.

आणि आता जे लिहिते ते कृपया नीट वाचा. दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबत नसेल तर तो नुसता नखाचा प्रश्न नसू शकतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुत्रीचं नख थोडंसं लागलं होतं आणि तासाभरानंतरही टिपकत होतं. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स फार खाली. गोचीड ताप निघाला. तपकिरी गोचिडीतून हा आजार होतो आणि आपल्याकडं तो सर्रास दिसतो. सुरुवातीला कुत्रा थोडा कमी खातो, जास्त झोपतो, एवढंच लक्षात येतं. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनचा जवळजवळ महिन्याचा कोर्स दिला आणि ती बरी झाली. त्या दिवशी नख लागलं नसतं तर कधी कळलं असतं कोण जाणे. उंदराचं औषध खाल्लेल्या कुत्र्याचंही रक्त असंच थांबत नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी सकाळपर्यंत वाट बघू नका.

नख मधूनच मोडून लोंबत असेल आणि जिव्हाळीला धरून असेल तर ते घरी उपटायचं नाही. स्वच्छ कापडानं सैल गुंडाळून दवाखान्यात न्या. सुन्न केल्याशिवाय ते काढणं म्हणजे जिवंतपणी हाल आहेत.

सगळी नखं सारखी वाढत नसतील तर

हे मला पशुवैद्यांनी शिकवलं आणि मी तेव्हापासून दर वेळी बघते. चारही पायांची नखं एकमेकांशी ताडून बघा. एकाच पायाची नखं बाकीच्यांपेक्षा लांब असतील तर कुत्रा त्या पायावर भार देत नाही. लंगडणं दिसायच्या आधी हे दिसतं. मागच्या पायांची नखं वरच्या बाजूनं घासलेली, सपाट झालेली दिसत असतील तर तो चालताना पाय घासत नेतोय, कंबर, मणका किंवा मज्जातंतूंचा त्रास असू शकतो. दोन्ही वेळा कटर खाली ठेवायचा आणि कुत्र्याला दाखवून आणायचं.

पावसाळ्यात नखांच्या मुळाशी तांबूस-तपकिरी रंग, आंबूस वास आणि सारखं पंजा चाटणं हे बहुधा बुरशीचं लक्षण असतं. बाहेरून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसल्या की बराच फरक पडतो, राहिलं तर औषध लागतं. वेगवेगळ्या पायांची नखं एकामागून एक सुटून पडायला लागली तर तो प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असू शकतो, जर्मन शेफर्डमध्ये जास्त दिसतो. आणि वयस्क, मोठ्या, काळ्या कुत्र्याचं एकच बोट सुजलं, नख वाकडं झालं, तर "लागलं असेल" म्हणून थांबू नका. नखाच्या मुळाशी होणारा कर्करोग अशाच कुत्र्यांत जास्त आढळतो. पिंट्या त्याच गटात मोडतो, म्हणून मी दर बोट दाबून बघते.

फरशीवर घसरू नये म्हणून आम्ही त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर रबरी पट्ट्या टाकल्या. आधी सतरंजी टाकली होती, ती स्वतःच सरकायची. पंज्याच्या खालचे, गाद्यांच्या मधले केसही कातरतो.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. दर दुसऱ्या रविवारी पिंट्याची आंघोळ होते, पंजे पुसून होतात आणि आत्या दह्याचं ताट घेऊन बाल्कनीत बसतात. पुढची दहा नखं त्या दिवशी, मागची आठ बुधवारी. कॅलेंडरवर त्या तारखांना मी पेन्सिलनं 'न' लिहून ठेवते. पावसाळ्यात मधल्या रविवारीही एक 'न' वाढवते, म्हणजे दर आठवड्याला.